आत्मघातकी दहशतवाद : मरणारा आणि पाठवणारा



वसंत व्याख्यानमालेचे आमंत्रण आले तेव्हा विषयाची निवड चालकांनी आमच्यावरच सोपवली होती. आम्ही विषय कळवला, तेव्हा चालकांपैकी एक स्नेही घरी आले आणि चहा घेता घेता म्हणाले, "मास्तर, वैशाखातली संध्याकाळ, गोदेचा काठ, मंडळी दिवसभराच्या तलखीतून जरा गारव्याला येऊन बसतात. ज्ञानेश्वरीवर बोला, कुसुमाग्रजांवर बोला. हा बाँबचा आणि मढ्यांचा विषय कशाला?" त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ होते असे नाही. परंतु मारून मरायला निघालेला मुलगा ज्या गावाने आपल्या नाटकगृहाच्या दारात एकदा पाहिला, त्या गावाने तरी या विषयाकडे पाठ फिरवू नये असे आम्हाला वाटते. शिवाय आमच्यापाशी एक खाजगी कारण आहे. ते ओघात येईल.

नाटकगृहाची ती हकिकत आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. २१ डिसेंबर १९०९ ची रात्र. विजयानंद नाटकगृहात देवलांच्या 'शारदा' नाटकाचा प्रयोग होता. कलेक्टर जॅक्सन यांची बदली झाली होती आणि त्यांच्या निरोपाखातर हा खेळ ठरला होता. जॅक्सनसाहेब संस्कृत जाणणारे, मराठी समजणारे. लोक त्यांना 'पंडित जॅक्सन' म्हणत. या प्रांतातल्या लोकसमजुतींची त्यांनी जमवलेली टिपणे त्यांच्या मागे एन्थोव्हेन यांनी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. परंतु याच कलेक्टरांनी बाबाराव सावरकरांना खटल्यासाठी वरच्या कोर्टाकडे धाडले होते, आणि कविता छापल्याच्या अपराधाबद्दल जून १९०९ मध्ये बाबारावांना जन्मठेप काळे पाणी झाले होते. साहेबांची विद्वत्ता गावातल्या जाणत्यांना दिसत होती. तरुणांना ते काळे पाणी दिसत होते.

जॅक्सन नाटकगृहात येताच अनंत लक्ष्मण कान्हेरे नावाच्या, अठरा वर्षांच्या आतबाहेरच्या एका मुलाने पुढे होऊन त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पळशीकर आणि मारुतराव तोरडमल हे अधिकारी जवळच होते. त्यांनी मुलावर झडप घातली आणि इतरांच्या मदतीने त्याला धरले. त्याच्यापाशी विषही होते. ठरले होते असे की, काम उरकताच त्याने तेथेच आपला अंत करून घ्यावा, म्हणजे मागचा धागा कोणाच्या हाती लागणार नाही. ते साधले नाही. मुलगा जिवंत सापडला. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात अनंत कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे या तिघांना फाशी झाली. पुढे नाशिक कटाच्या खटल्यात अडतीस जण आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले.

आज अनंत कान्हेऱ्यांच्या नावाचे मैदान आपल्या गावात आहे. आमच्या पिढीच्या तोंडी अजून 'गोल्फ क्लब' हेच नाव येते, ही आमची खोड. रोज सकाळी त्या मैदानाला फेऱ्या मारताना आम्ही ती पाटी वाचतो, आणि खरे सांगायचे तर हे व्याख्यान त्या फेऱ्यांतच तयार झाले.

येथे कोणी उठून विचारील, आणि विचारावेच, की 'मास्तर, ज्याला आम्ही हुतात्मा म्हणतो त्याचे नाव तुम्ही दहशतवादावरच्या व्याख्यानात कसे घेता?' त्याचे उत्तर आधीच देऊन टाकतो. कान्हेरे आणि कसाब यांना एका पंगतीला बसवायला आम्ही येथे आलो नाही. कान्हेऱ्यांनी गोळी झाडली ती एका माणसावर, तो राज्याचा अधिकारी होता म्हणून. नाटकगृहात शेकडो माणसे होती. त्यांच्यातल्या कोणाचा जीव घ्यावा असे त्यांच्या मनात नव्हते. १९०९ साली या देशातल्या माणसाला मत नव्हते, आणि कविता छापली तर अंदमान होते. आणखी एक फरक आहे. तो आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि पुढे आम्ही त्याच्याकडे पुन्हा येणार आहोत. बेत असा होता की कान्हेऱ्यांचा नेम चुकला तर देशपांड्यांनी गोळी झाडावी, आणि त्यांचेही चुकले तर कर्व्यांनी. म्हणजे ज्यांनी मुलाला पुढे केले ते त्याच रात्री, त्याच नाटकगृहात, शस्त्र घेऊन हजर होते, आणि त्याच दिवशी त्याच तुरुंगात फासावर चढले.

हा फरक मान्य करूनही एक प्रश्न उरतोच. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा, ज्याला आईबाप आहेत, मामाच्या घरी राहून शिकण्याची सोय आहे, तो विषाची पुडी जवळ बाळगून घराबाहेर कसा पडतो? हा प्रश्न मुलाच्या कृत्याला चांगले म्हणा की वाईट म्हणा, सारखाच उभा राहतो. आमची तीस वर्षे याच वयाच्या मुलांना भूमिती शिकवण्यात गेली. त्यांच्यातल्या कोणाला मरणाची हौस होती असे आम्हाला आठवत नाही.

प्रथम एक भेद लक्षात घेतला पाहिजे. मारायला निघालेला माणूस मरायलाही तयार असतो तेव्हा त्या मरणाकडून कोणते काम करून घ्यायचे असते? कान्हेऱ्यांच्या बेतात मरण ही ढाल होती. मारणारे हत्यार वेगळे होते. मरण होते ते मागच्या मंडळींना वाचवण्यासाठी. दुसऱ्या प्रकारात मरण हेच हत्यार असते. बाँब वाहून नेणारा आणि बाँब एकच. १३ मार्च १८८१ रोजी सेंट पीटर्सबर्गमध्ये रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर मारला गेला, तेव्हा बाँब फेकणारा ग्रिनेवित्स्की त्याच स्फोटात मेला. हे या प्रकाराचे जुने उदाहरण. पण त्याची पद्धतशीर मांडणी आपल्या हयातीतली आहे. २३ ऑक्टोबर १९८३ रोजी बैरुतमध्ये स्फोटकांनी भरलेली मोटार अमेरिकन सैनिकांच्या इमारतीत घुसवण्यात आली आणि २४१ सैनिक मेले. त्याच सकाळी फ्रेंचांचे ५८. त्यानंतर हे हत्यार देशोदेशी गेले.

आपल्या शेजारच्या श्रीलंकेतल्या तमिळ वाघांनी ढाल आणि हत्यार हे दोन्ही प्रकार एकत्र वापरले. त्यांच्या सैनिकाच्या गळ्यात सायनाइडची कुपी असे, ती ढाल. आणि 'काळे वाघ' नावाची वेगळी तुकडी होती, ते हत्यार. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींच्या पायाशी वाकलेल्या मुलीच्या कमरेला स्फोटकांचा पट्टा होता. त्या प्रसंगाची छायाचित्रे काढण्यासाठी कटवाल्यांनी एक छायाचित्रकार नेला होता. तो स्फोटात मेला, परंतु त्याचा कॅमेरा शाबूत राहिला, आणि त्यातल्या फिल्मवरून तपासाला दिशा मिळाली. मुख्य सूत्रधार ऑगस्टमध्ये बंगळूरजवळ पोलिसांच्या वेढ्यात सापडला, तेव्हा त्याने आणि त्याच्या साथीदारांनी आपला अंत करून घेतला. येथेही हेतू एकच, जिवंत सापडू नये.

हे उदाहरण आम्ही मुद्दाम घेतले. कारण आपल्याकडे चौकाचौकात ऐकू येणारे पहिले उत्तर असे की, हे सगळे एका धर्माच्या शिकवणीतून येते. तमिळ वाघांची मागणी स्वतंत्र राज्याची होती. स्वर्गाचे आश्वासन त्यांच्या प्रचारात नव्हते. अमेरिकेतले प्राध्यापक रॉबर्ट पेप यांनी १९८० ते २००३ या काळातले ३१५ आत्मघातकी हल्ले तपासले, तेव्हा सर्वांत अधिक हल्ले करणारी संघटना हीच निघाली. धर्म प्रेरणेला भाषा देतो, धीर देतो, मेल्यावरचा पत्ता देतो, हे आम्ही नाकारत नाही. तो नाकारणारे विद्वानही आहेत, आणि ते आम्हाला पटलेले नाहीत. पण केवळ त्याने उलगडा होत नाही.

दुसरे उत्तर दारिद्र्याचे. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या मनोऱ्यावर विमान घालणारा महंमद अत्ता वास्तुशास्त्र शिकलेला, जर्मनीत नगररचनेचा अभ्यास केलेला, वकिलाचा मुलगा होता. उलट कसाब खोमचेवाल्याचा मुलगा, शाळा अर्धवट सुटलेला, मजुरी केलेला. दोन्ही प्रकारचे सापडतात. पोटाची आग हे कारण असते तर आपल्याकडच्या दुष्काळी तालुक्यांतून रोज एक निघाला असता. तिसरे उत्तर वेडाचे. ते तर अगदीच सोपे, म्हणून लोकांना आवडते. वेड्या माणसाला कोणतीही संघटना असले काम सांगत नाही. त्याचा भरवसा काय?

मग काय उरते? आमच्या मते तीन गोष्टी उरतात. मनात सलणारा अन्याय, भोवतीचे लहानसे टोळके, आणि पाठवणारा. यातल्या टोळक्याविषयी आम्ही जास्त बोलणार आहोत, कारण ते आपल्या डोळ्यांसमोर जमते आणि आपल्याला दिसत नाही.

पुन्हा अनंत कान्हेऱ्यांकडे या. कोकणातल्या आयनी गावचा हा मुलगा त्या वेळच्या औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, मामाकडे इंग्रजी शिकायला गेला. तेथे गंगाराम नावाच्या तरुणाशी त्याची मैत्री जमली. मैत्री इतकी दाट की त्या मैत्रीवर त्याने 'मित्रप्रेम' नावाची छोटी कादंबरी लिहिली. याच मित्राच्या द्वारे नाशिकच्या गुप्त मंडळाशी त्याची गाठ पडली. आता पाहा, राष्ट्र, स्वातंत्र्य, सूड हे सगळे शब्द त्याच्या कानावर आले ते मित्राच्या मुखातून. मार्क सेजमन नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने २००४ साली अशा १७२ जणांच्या आयुष्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतले सुमारे दोनतृतीयांश आधीच्या मैत्रीच्या धाग्याने आत गेलेले होते. विचार मागाहून आला, मित्र आधी आला. ज्याने 'मित्रप्रेम' लिहिले त्या मुलाच्या गावी हे सांगायला परदेशी पंडिताची गरज पडू नये. पण आम्ही मराठी माणसे आपल्याच घरातली वस्तू दुसऱ्याने दाखवल्याशिवाय पाहत नाही.

कान्हेऱ्यांविषयी आणखी एक हकिकत सांगतात. शेवटच्या कामगिरीला निघण्यापूर्वी, मागे आठवण राहावी म्हणून, त्यांनी स्वतःचे छायाचित्र काढून घेतले. १९०९ साली छायाचित्र काढणे ही साधी गोष्ट नव्हती. आज आत्मघातकी हल्लेखोर निघण्यापूर्वी त्याचे चित्रण करून ठेवतात, हे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवाम्याला चाळीस जवान मारले गेले, त्यांत दोघे आपल्या बुलढाणा जिल्ह्याचे होते. तो हल्ला करणाऱ्या वीस-बावीस वर्षांच्या काश्मिरी मुलाचे चित्रण हल्ल्यानंतर लगेच पसरवण्यात आले. लोक म्हणतात हे चित्रण प्रचारासाठी. प्रचार तर आहेच. पण त्याचे दुसरे काम मुलावर होते. चित्र निघाले की मुलगा आपल्या मंडळींच्या हिशेबी मेलेलाच असतो. मग घरी परत जाणे म्हणजे मेलेल्या माणसाने परत येणे.

येथे आमचे खाजगी कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची आई घरी आली. मुलगा एकोणीस वर्षांचा. म्हणाली, "सर, पोराचं काही कळत नाही. क्रिकेट सोडलं. सायकल धाकट्याला देऊन टाकली. मित्राचे दोनशे रुपये देणं होतं ते काल जाऊन देऊन आला. चांगलाच वागतोय, पण मला भीती वाटते." आम्ही हसलो. म्हणालो, "बाई, देणं फेडतोय म्हणून रडणारी आई आम्ही पहिलीच पाहिली. वय आहे, निवळेल." पंधरा दिवसांनी मुलगा घरातून गेला. दुसऱ्या राज्यात, काही घडण्याच्या आत, तो सापडला, हे त्या माउलीचे नशीब. तो कोणत्या झेंड्याखाली गेला होता ते आम्ही सांगणार नाही. सांगितले तर या पटांगणातले अर्धे श्रोते सुटकेचा निःश्वास टाकतील आणि अर्धे मान खाली घालतील, आणि विषय तेथेच संपेल. पुष्कळ दिवसांनी तो आमच्याकडे आला. आम्ही विचारले, "तुला खरेच मरायचे होते का रे?" तो म्हणाला, "नाही सर. पण मागं फिरायची लाज वाटत होती. सगळ्यांच्या पुढं हो म्हणून बसलो होतो." आईने जे दोन दिवसांत ओळखले ते तीस वर्षे मुले पाहिलेल्या मास्तराला ओळखता आले नाही. देणे फेडणे, वस्तू वाटून टाकणे, एकाएकी गोड वागणे यांचा अर्थ आम्हाला तिने सांगितला होता. आम्ही ऐकला नाही.

आता पाठवणाऱ्याविषयी. २६ नोव्हेंबर २००८ रोजी कराचीहून समुद्रमार्गे दहा जण मुंबईत उतरले. १६६ माणसे मेली. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गाडीची वाट पाहणारे उत्तरेकडचे मजूर, लहान मुले, कोण कोणत्या धर्माचे हे पाहायला तेथे कोणाला सवड नव्हती. त्या तीन रात्रींत हल्लेखोरांच्या फोनवरचे बोलणे आपल्या यंत्रणांनी टिपले आणि पुढे ते जगाने ऐकले. पलीकडच्या खोलीत माणसे दूरचित्रवाणीसमोर बसली होती. कोठे आग लावा, कोणाला मारा, पोलीस कोणत्या बाजूला आहेत, हे सांगत होती. आणि पुन्हा पुन्हा एक गोष्ट बजावत होती की जिवंत पकडले जाऊ नका. बोलणारा खोलीत, ऐकणारा आगीत. त्या खोलीत आपल्या बीड जिल्ह्यातला एक तरुणही बसला होता, असा सरकार पक्षाचा आरोप आहे. हाच तरुण मे २००६ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या चांदवड–मनमाड रस्त्यावर शस्त्रे आणि आरडीएक्स पकडले गेले त्या वेळी पोलिसांच्या हातून निसटला होता. रस्ता आपल्या रोजच्या जाण्यायेण्याचा आहे.

विजयानंद नाटकगृह आणि कराचीची ती खोली यांच्यामध्ये सगळा फरक येथे आहे. कर्वे मुलाच्या मागे पाचपन्नास हातांवर उभे होते. खोलीतली माणसे समुद्रापलीकडे होती. एखाद्या संघटनेची परीक्षा करायची असेल तर तिचे ध्येयवाक्य वाचू नये. मरायला कोण जातो आणि घरी कोण राहतो एवढेच विचारावे. आम्ही तर म्हणतो, हा प्रश्न शाळेच्या वर्गात विचारण्यासारखा आहे. सोळा वर्षांच्या मुलाला अन्यायाची चीड असते आणि फसवले जाण्याची त्याहून अधिक असते.

मरणाची इच्छा मुलाची नसून पाठवणाऱ्याची असते, याला इतिहासाचा आधार आहे. ऑक्टोबर १९४४ पासून जपानने आपली विमाने शत्रूच्या जहाजांवर आदळवण्याची मोहीम चालवली. त्या वैमानिकांत विद्यापीठांतून उचललेली मुले पुष्कळ होती. सुमारे दहा महिन्यांत हजारो मेले. १५ ऑगस्ट १९४५ रोजी सम्राटाने शरणागती जाहीर केली, आणि एखाददुसरा अपवाद सोडला तर ते सगळे थांबले. पाळी न आलेली मुले घरी गेली, नोकरीधंद्याला लागली, म्हातारी झाली. मोहिमेचा जनक समजला जाणारा सेनाधिकारी ओनिशी याने दुसऱ्याच दिवशी स्वतःचे पोट फाडून घेतले. पाठवणाऱ्यांत असे थोडे. श्रीलंकेतही मे २००९ मध्ये वाघांची संघटना मोडली आणि तिच्याबरोबर काळे वाघही संपले. ती मोडताना सामान्य तमिळ माणसांची जी कत्तल झाली तिचे समर्थन आम्ही करत नाही; पण पाठवणारा गेला की जाणारा उरत नाही, एवढे त्यावरून दिसते.

राहिला सलणारा अन्याय. पेप यांचे म्हणणे असे की, परकी फौज आपल्या भूमीवर बसली की हे हत्यार निघते. पुष्कळ ठिकाणी ते खरे आहे. पण २००३ नंतर इराकमध्ये आणि पाकिस्तानात मशिदींत आणि बाजारांत आपल्याच देशबांधवांवर जे स्फोट झाले, तेथे हा नियम अपुरा पडतो. आम्ही एवढेच म्हणतो की पाठवणाऱ्याला भांडवल लागते, आणि खरा अन्याय हे बिनव्याजी भांडवल आहे. त्या चांदवड–मनमाडच्या शस्त्रांच्या खटल्यात हेतू सांगितला गेला तो गुजरातच्या २००२ च्या दंगलीचा सूड. सूड घेणारे दोषी ठरले, २०१६ साली शिक्षा झाल्या, हे योग्यच. पण भांडवल कोणी पुरवले हा प्रश्न शिक्षेने पुसला जात नाही.

आपल्या जिल्ह्यातलीच आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, जरी ती आत्मघातकी हल्ल्याची नसली तरी. ८ सप्टेंबर २००६, शबे बरातचा दिवस. मालेगावी नमाजानंतर स्फोट झाले आणि तीसहून अधिक माणसे मेली. त्या गुन्ह्याबद्दल नऊ मुसलमान तरुणांना धरण्यात आले. जामीन मिळेपर्यंत पाच वर्षे गेली आणि २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. २९ सप्टेंबर २००८ रोजी त्याच गावी भिक्कू चौकात पुन्हा स्फोट झाला, सहा माणसे मेली. त्या खटल्यात आरोपी हिंदू होते, आणि ३१ जुलै २०२५ रोजी सातही जण निर्दोष सुटले. एकाच गावचे दोन खटले, आणि मेलेल्यांच्या घरच्यांना आपला माणूस कोणी मारला याचे उत्तर अजून मिळालेले नाही. आरोपी कोण होते यावर आपण सगळे वाद घालतो. मालेगाव येथून शंभर किलोमीटरच्या आसपास आहे, आणि त्या नऊ जणांची पाच वर्षे आम्ही नाशिककरांनी एका दिवसाच्या बातमीइतकी तरी मोजली का? चुकीच्या माणसाला धरले की दोन नुकसाने होतात. खरा गुन्हेगार मोकळा राहतो, आणि पाठवणाऱ्याच्या पेढीत आयती ठेव पडते.

यावर उपाय काय, हे ऐकायला आपण थांबला आहात. बंदोबस्त, तपासणी, धातुशोधक कमानी हे लागतेच. आम्ही त्याची थट्टा करणार नाही. पण कमान एका दारावर उभी केली की हल्ला दुसऱ्या दाराकडे जातो. गर्दी कोठेतरी असतेच. हे पटांगण आज भरलेले आहे. म्हणून दारापेक्षा धाग्याला महत्त्व अधिक, आणि धागा हाती लागतो तो माणूस जिवंत सापडला तर. २६ नोव्हेंबरच्या रात्री गिरगाव चौपाटीवर साताऱ्याकडच्या केडंबे गावचे सहायक फौजदार तुकाराम ओंबळे हातात नुसती लाठी घेऊन पुढे झाले. त्यांनी कसाबची बंदूक दोन्ही हातांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, ते गेले. कसाब जिवंत सापडला. खोलीतल्या माणसांनी जे होऊ नये म्हणून पुन्हा पुन्हा बजावले होते, तेच एका सहायक फौजदाराने घडवून आणले. दहांतला एक बोलू लागला म्हणून कराचीपर्यंतचा माग न्यायालयापुढे आला. कसाबला वकील दिला, खटला चालला, अपील झाले, आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यास फाशी झाली. चार वर्षे त्याला पोसला म्हणून त्या वेळी पुष्कळांनी हात चोळले. आमच्या मते ती चार वर्षे फुकट गेली नाहीत. हौतात्म्य मिळवायला आलेला मुलगा चार वर्षे जगाला साध्या कैद्यासारखा बाकावर बसलेला दिसला.

दुसरे काम टोळक्याचे, आणि ते पोलिसांचे कमी व आपले जास्त. मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण इराक-सीरियाकडे गेले. त्यांतल्या एकाचा बाप गप्प बसला नाही. तो स्वतः यंत्रणांकडे गेला, संपर्क ठेवला, आणि नोव्हेंबरात मुलगा परत आला. त्याच्यावर खटला झाला, तो तुरुंगात राहिला, पण जिवंत राहिला. पुढे राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने, नुसत्या वाटेवर असलेल्या मुलांना पकडण्याऐवजी, त्यांच्या घरच्यांना आणि मौलवींना बरोबर घेऊन समजावण्याचे काम हाती घेतले. आमचा अनुभव हेच सांगतो. मुलाला परत यायला एक असे दार हवे की ज्यातून शिरताना त्याची मान खाली जाणार नाही. पण बापाने पोलिसांकडे जायचे तर आपला मुलगा तेथे मारला जाणार नाही, आपले घर गल्लीत वाळीत पडणार नाही, एवढा भरवसा त्याला लागतो. तो भरवसा देणे गल्लीच्या हाती आहे, म्हणजे आपल्या. आमच्या त्या विद्यार्थ्याच्या घरी, तो परत आल्यावर, वर्षभर कोणी हळदीकुंकवाला गेले नाही. आमच्या घरातूनही पहिल्यांदा कोणी गेले नाही. नंतर आमची सौभाग्यवती गेली.

तिसरी गोष्ट मेल्यानंतरची आहे. मुलाला पाठवणारा एक वचन देतो, की तू मेल्यावर तुझे लोक तुला डोक्यावर घेतील. हे वचन पाठवणाऱ्याच्या हातचे नसते. ते लोकांच्या हातचे असते. मुंबईत नऊ हल्लेखोर मेले, तेव्हा त्यांच्या दफनाचा प्रश्न आला. मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानची व्यवस्था पाहणाऱ्या जामा मशीद ट्रस्टने सांगितले की, निरपराधांची कत्तल करणारी ही माणसे मुसलमान म्हणवून घ्यायला लायक नाहीत, आमच्या भूमीत त्यांना जागा नाही. सरकारचा हुकूम नव्हता, कोणाचा दबाव नव्हता. मुंबईतल्या इतर मुस्लिम संस्थांनीही त्यांना साथ दिली. पाकिस्तान प्रेते घ्यायला तयार नव्हते. जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात ती नऊ शवे मसाला घालून वर्षाहून अधिक काळ पडून राहिली. जानेवारी २०१० मध्ये ती गुप्तपणे पुरण्यात आली, आणि ही गोष्ट एप्रिलमध्ये गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी विधिमंडळात सांगितली तेव्हा लोकांना कळली. कोठे पुरली ते सांगितले नाही, आणि आम्हाला आठवते त्याप्रमाणे कोणी फारसे विचारलेही नाही.

चालकांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला आहे. त्याचा अर्थ आम्ही समजतो. प्रश्न असतील त्यांनी पुढे यावे. जागा थोडी ओली आहे, वडीलधाऱ्यांनी पायऱ्या उतरताना जपावे.